डेकवरची येळवस

लातुरात घरासमोर काय असावं याचे काही ठरलेले नियम आहेत. ओटा असावा, ओट्यावर पत्र्याचं शेड असावं आणि शेडखाली बंद पडलेली एक मोटारसायकल असावी. डेक नसावा. त्यामुळे आमच्या घरासमोर सागाच्या फळ्यांचा, सोळा बाय दहाचा, जमिनीपासून दीड फूट उंच असा डेक झाला, तेव्हा गल्लीतले लोक तो स्टेज आहे असंच धरून चालले. आठवडाभर जो तो विचारायचा, कार्यक्रम कधी आहे, पाहुणे कोण आहेत. मी समजावून सांगायचो, की हा डेक आहे, यावर नुसतं बसायचं असतं. मग लोक विचारायचे, बसून काय करायचं. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून बसूनच नोकरी केली असली तरी या प्रश्नाला मला उत्तर देता यायचं नाही.

डेक माझा नाही हे आधीच सांगतो. तो शिवगंगाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होती आणि जूनमध्ये निवृत्त झाली. गल्लीत तिला सगळे बाई म्हणतात आणि मला बाईंचे मिस्टर. माझं नाव अमरनाथ आहे, हे गॅसवाल्याला आणि मला सोडून कोणाला माहीत नसावं. तर निवृत्तीनंतर बाईंनी ठरवलं की घरासमोर बसायला जागा हवी. नांदेडचे आमचे जावई सत्यम म्हणाले, फरशी थंड पडते, तुमचे गुडघे दुखतात, लाकडाचा डेक करू. किनवटच्या वखारीतून साग आणला आणि केला. मला वाटलं, गुडघ्यांसाठी चाललंय.

खरं कारण दिवाळीत कळलं. फराळाला आलेल्या शाळेतल्या अकरा मैत्रिणींना तिनं सांगून टाकलं, की यंदा येळवस आमच्याकडं, डेकवर.

आता लातूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगावं लागेल. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचा अर्धा जिल्हा शेतात जेवतो. कडब्याची खोप करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, शेंगा-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर असा स्वयंपाक डोक्यावरून शेतात न्यायचा आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारमारून जेवायला बोलवायचं. त्या दिवशी शहर असं ओस पडतं की चौकात कुत्रंसुद्धा दिसत नाही. ज्याला शेत आहे तो बोलावतो आणि ज्याला नाही तो जातो. आम्ही चौतीस वर्षं जाणाऱ्यांत होतो. आमची जमीन साठवण तलावात गेली आणि त्या बदल्यात प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर मला पाटबंधारे खात्यात नोकरी मिळाली. पुढं त्याच तलावाची फाईल वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर होती. मी तिला नेहमी जरा जपून हात लावायचो. शिवगंगाच्या माहेरची शेती भावांकडं, तिथंही ती पाहुणीच. तेव्हा तिला शेत नसलं तरी येळवस करायची होती, आणि तिच्या मते सोळा बाय दहाची जागा त्याला पुरेशी होती.

पावसाळ्यानं मात्र त्या फळ्यांची रया घालवली. साग करडा पडला, कुसळं निघू लागली. आणि नेमकं डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या मुलीला, सृष्टीला, ऑफिसचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग लागलं. नातवाला सांभाळायला शिवगंगा नांदेडला गेली. जाताना तिनं नऊ कलमांचा कागद फ्रिजवर लावला. कलम चार असं होतं: येळवशीच्या आधी डेकला तेल देणे. जाणता माणूस बघणे. स्वतः डोकं लावू नये. शेवटच्या चार शब्दांखाली लाल शाईची रेघ होती. तेहतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवल्यावर माणूस नवऱ्यालाही तिसरीतच बसवतो.

मी कामाला लागलो. पहिल्याच दिवशी फाईल उघडली. वर लिहिलं, ‘डेक – देखभाल व दुरुस्ती’. मग जाणता माणूस शोधायला निघालो. सुताराचा बोर्ड असलेल्या तीन दुकानांत गेलो. तिन्हीकडं कळलं की ते मॉड्युलर किचन करतात, लाकडाचं काम करत नाहीत. एकानं तर माझ्याकडं, मी बैलगाडी विकायला आणल्यासारखं पाहिलं. सत्यमनी मोबाईलवर ज्याचा फोटो पाठवला होता ते तेल लातुरात कुठं मिळेना. ते हैदराबादहून मागवावं लागेल आणि यायला महिना लागेल, असं रंगाच्या दुकानदारानं सांगितलं. शेवटी सत्यमनीच दिलेल्या, लाकडाची निगा राखणाऱ्या एका कंपनीच्या नंबरवर फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीनं माझं नाव, वय आणि पिनकोड विचारला आणि तितक्याच गोड आवाजात सांगितलं की तुमच्या भागात आमची सेवा उपलब्ध नाही. मी तिला लातूरचा इतिहास सांगायला सुरुवात केली होती, पण तिनं मध्येच पाचपैकी किती गुण द्याल असं विचारलं.

या सगळ्या काळात शेजारी गप्प बसले असते तर ते शेजारी कसले. उजव्या अंगाचे रामकिशनराव शेतकरी माणूस, औसा रोडला त्यांची बागायत आहे. त्यांचं म्हणणं, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावा. गाडीच्या जुवाला, औताला ते वर्षानुवर्षं हेच लावून राहिलेत आणि लाकडाला काही होत नाही. मी डेकवर जुवाच्या रंगाच्या साड्या नेसून बसलेल्या अकरा शिक्षिका डोळ्यांपुढं आणल्या आणि नको म्हणालो.

डाव्या अंगाला वीरभद्रअप्पा राहतात. त्यांचा लाकडी घाण्याचा तेलाचा धंदा आहे, तीन पिढ्यांचा. अप्पा फार बोलत नाहीत, पण बोलले की समोरच्याला घाण्यात घातल्यासारखं करतात. ते म्हणाले, “मिस्टर, माझा घाणा लाकडाचा हाय का न्हाई? आज्यानं बसवलेला. कशावर टिकला? करडईच्या तेलावर. दुसरं काय लावलं न्हाई त्याला.”

या युक्तिवादात मला एकही फट दिसली नाही. शिवाय करडईच्या तेलाबद्दल लातूरच्या माणसाला जे वाटतं ते तर्काच्या पलीकडचं आहे. आमच्याकडं बाळाला मालीश करडईच्या तेलानं, फोडणी करडईची, भाकरीवर चटणी आणि चटणीवर तेल करडईचं. सागालाच तेवढं परकं तेल का द्यावं? अप्पांनी पंधरा किलोचा डबा पाठवून दिला आणि मी फाईलवर शेरा मारला, ‘स्थानिक पर्याय मंजूर’.

लावायला दयानंद पेंटर मिळाला. हा भिंती रंगवणारा माणूस, लाकडाशी त्याचा संबंध दारंखिडक्यांपुरता. उद्या येतो म्हणून तो चौथ्या दिवशी आला, पण रोलर घेऊन आला आणि तासाभरात एक हात मारून मोकळा झाला. फळ्या अशा चमकल्या की मला भरून आलं. दयानंद म्हणाला, झालं काम. इथं थांबायला हवं होतं. पण डब्यात तेल उरलं होतं आणि बत्तीस वर्षांत शिल्लक निधी परत पाठवण्याची सवय मला कोणी लावली नव्हती. मी त्याला आणखी दोन हात मारायला लावले. तो म्हणाला, लई होईल साहेब. साहेब म्हणाला म्हणून मी आणखी एक मारायला लावला.

दुसऱ्या दिवशी डेक ओला होता. तिसऱ्या दिवशीही होता. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. चौथ्या दिवशी तो ओला राहिला नाही, चिकट झाला. म्हणजे कसा, तर मी चप्पल घालून वर चढलो आणि पुढचं पाऊल टाकलं ते अनवाणी पडलं. चप्पल मागं, फळीवर, जणू मी अजून तिथंच उभा आहे. रस्त्यावरची धूळ, शेजारच्या बाभळीचा पाला आणि कोणाच्या तरी वरातीतला कागदी कचरा असं सगळं येऊन डेकवर बसलं आणि उठायचं नाव घेईना. नांदेडहून रोज संध्याकाळी शिवगंगाचा फोन यायचा. डेकचं झालं का, असं विचारायची. मी म्हणायचो, तेल चांगलं मुरून राहिलंय. हे पूर्ण खोटं नव्हतं.

त्यातच निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. एका सकाळी पांढरी जीप दारात थांबली. भरारी पथकाचे प्रमुख, एक पोलीस आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस असे उतरले. कोणीतरी मोबाईलवरून तक्रार केली होती, की निवासी भागात विनापरवाना स्टेज उभारला आहे, सोबत फोटो. पथकप्रमुख बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, सभ्य गृहस्थ होते. मी त्यांना थांबा म्हणेपर्यंत ते पाहणीसाठी वर चढले. दोन पावलं गेले आणि तिसरं टाकता येईना. उजवा बूट फळीलाच राहिला आणि पाय त्यातून बाहेर आला, डाव्याचंही तेच झालं. कॅमेरावाल्यानं हे सगळं इमानेइतबारे चित्रित केलं, कारण त्याला सगळं चित्रित करण्याचा आदेश होता.

मोज्यांवर उभं राहून त्यांनी विचारपूस केली. उमेदवार कोण? कोणी नाही. मग कार्यक्रम कसला? येळवशीचं जेवण. किती माणसं? अकरा शिक्षिका आणि त्यांच्या घरचे, चाळीसेक. भोजनावळ म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. येळवस त्यांना माहीत नव्हती, त्यांच्या जिल्ह्यात ती नसते. त्यांनी मला पत्रच दिलं, की सदर ठिकाणी भोजनाचे आयोजन करण्याचे प्रयोजन लेखी कळवावे. खोटं कशाला सांगू, ते पत्र हातात पडल्यावर मला तरुण झाल्यासारखं वाटलं. निवृत्तीनंतर मला आलेलं ते पहिलं सरकारी पत्र होतं. मी दोन पानी खुलासा लिहिला, त्यात अमावास्येचं महत्त्व, भज्जीतल्या भाज्यांची यादी आणि आमंत्रित शिक्षिकांच्या सेवेचा तपशील जोडला आणि त्याच दिवशी आवक क्रमांक घेऊन पोच आणली. डेक तसाच होता, पण फाईल सुरेख झाली होती.

मग मी डोकं लावलं. स्वयंपाकघरात तेल सांडलं की शिवगंगा त्यावर पीठ टाकते, पीठ तेल ओढून घेतं, हे मी चौतीस वर्षं पाहिलं होतं. चार किलो ज्वारीचं पीठ डेकवर पसरलं. पिठानं तेल ओढून घेतलं आणि दोघांचा मिळून एक थर झाला, जो थापला असता तर भाकरी झाली असती. पहाटे उठून पाहतो तर डेकवर चिमण्या, पारवे, दोन शेळ्या आणि गल्लीतली मोकाट गाय. गाय डेक चाटत होती. रामकिशनराव कुंपणापलीकडून दात घासत बघत होते. ते म्हणाले, मिस्टर, लई पुण्याचं काम करून राहिलात. अप्पांनी मात्र डबा परत घेतला नाही, सल्लाही परत घेतला नाही. त्यांच्या मते तेलात खोट नव्हती, लाकडात होती.

येळवस दोन दिवसांवर आली तेव्हा माझं धाबं दणाणलं. हसण्यावारी न्यायची वेळ गेली होती. बाजारातून हिरवा हरभरा, तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, चिंच असं सगळं आणण्याची यादी शिवगंगानं फोनवर सांगितली. सांगताना तिचा आवाज असा होता की मी ती यादी लिहिता लिहिता दोनदा पेन खाली ठेवलं. तिनं आयुष्यात माझ्याकडं फारसं काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं होतं, तेही नऊपैकी चौथ्या कलमात.

रामकिशनरावांनाच शेवटी दया आली. त्यांना दगडोबा मिस्तरी आठवले. हे मूळचे लोह्याकडचे, पंचाहत्तरीचे सुतार. पूर्वी तिफणी, औतं करायचे. आता लाकडाचं औत कोणाला नको, म्हणून एका वखारीच्या दारात बसून असतात. येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांना रिक्षातून आणलं. त्यांनी चप्पल खाली काढली, फळीवर अंगठा दाबला, वास घेतला आणि कोणीतरी वारल्यासारखा चेहरा करून माझ्याकडं वळले.

“मालक,” ते म्हणाले, “लाकडाला तेल चोळायचं असतंय. वाढायचं नसतंय.”

जवसाचं तेल कढवून घ्यायचं, फडक्यानं चोळायचं आणि उरेल ते लगेच पुसून घ्यायचं, असं त्यांनी सांगितलं. करडईचंही चाललं असतं, पण बोटभर. आता हा थर पत्र्यानं खरवडून काढायचा, आठ दिवस ऊन द्यायचं. उद्यापर्यंत होणार नाही. आणखी दोन माणसं लावली तर, असं मी विचारलं. येळवशीच्या आदल्या दिवशी लातुरात माणूस मागणारा मी पहिलाच असेन. सगळे आपापल्या गावाला, शेताला निघाले होते. दयानंद पेंटरचा फोन तर उदगीरच्या पुढं कुठंतरी लागला आणि मागून बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

दुपारी शिवगंगा आली. नांदेडच्या गाडीनं येऊन ती रिक्षातून उतरली. एका हातात बॅग, एका हातात सृष्टीनं दिलेली मोठी परात. मी तिला टप्प्याटप्प्यानं सांगणार होतो, पण डेक दारातच असल्यामुळं पहिलाच टप्पा शेवटचा ठरला. ती फळ्यांसमोर उभी राहिली. वाळलेलं पीठ, शेणाचे दोन पो, पिसं, चिकटलेली धूळ, आणि मध्यभागी माझी चप्पल. तिनं वाकून बोट लावलं आणि बोट पदराला पुसलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या शिवगंगाचा मला सराव आहे.

“तीस-पस्तीस वर्षं लोकाच्या शेतात जेवले हो,” ती म्हणाली. “दर वर्षी सोबत डबा न्यायचे, हात रिकामा दिसू नये म्हणून. सगळे प्रेमानं वाढायचे, न्हाई म्हणत नाही मी. पण एकदा मला म्हणायचं होतं, या, बसा, अजून घ्या. एवढंच होतं.”

मी तिला म्हणालो की माझं चुकलं. तसं मी याआधीही बऱ्याचदा म्हणालो आहे, पण ते विषय संपवायला. या वेळी विषय संपू नये असं वाटत होतं, तिनं आणखी काही बोलावं असं वाटत होतं. ती आत गेली. मला वाटलं, निजली. पाच मिनिटांनी ती जुनी साडी नेसून, कमरेला पदर खोचून बाहेर आली. हातात उलथनं होतं. दगडोबांच्या शेजारी बसली आणि खरवडायला लागली.

मग मीही बसलो. दगडोबांनी पत्र्याचा एक तुकडा मला दिला आणि रेषेच्या दिशेनं ओढा, आडवं ओढू नका, असं शिकवलं. आम्ही तिघं दिवस मावळेपर्यंत खरवडत होतो. एकदा दगडोबा म्हणाले की पन्नास वर्षं येळवशीच्या आधी लोकांच्या तिफणी नीट करून दिल्या, पण शेत नेहमी दुसऱ्याचंच होतं. शिवगंगानं मान वर न करता त्यांना सांगितलं, की उद्या तुम्ही आमच्याकडं जेवायला आहात. ते बरं म्हणाले आणि त्यांच्या हाताचा वेग वाढला असं मला तरी दिसलं. अंधार पडला तेव्हा निम्मा डेक स्वच्छ झाला होता. उरलेल्या निम्म्यावर रामकिशनरावांनी पाठवलेल्या कडब्याच्या पेंढ्या सोडून पसरल्या. कडबा असा पक्का बसला की वारा आला तरी काडी हलली नाही. हे चिकटणं मात्र बरं झालं, असं रामकिशनराव म्हणाले; माझ्या कामाबद्दलचं त्यांचं हे पहिलं कौतुक होतं.

येळवशीची सकाळ उजाडली. शिवगंगा पहाटेपासून चुलीपुढं. भज्जीचं मोठं पातेलं, आंबिलीचा माठ, उंड्यांची परात. कडब्यावर दगडोबांनी खोप उभी केली, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. पूजा झाली. शिवगंगानं डेकभोवती आंबील शिंपत फेरी मारली आणि शेताच्या फेरीला देतात ती अर्धी कानडी आरोळी दिली, जी ती चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आली होती. मग आम्ही पाहुण्यांची वाट बघत बसलो.

साडेदहाला पहिला फोन आला. एका बाईंच्या दिरानं यंदा सगळ्यांना शेतात बोलावलं होतं, नाही म्हणता येईना. अकराला दुसरा. तिसऱ्या बाईंच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं, की घरचं शेत सोडून शहरात येळवस करतात का. साडेअकरापर्यंत अकराही फोन झाले. प्रत्येक फोनला शिवगंगा असू द्या, असू द्या म्हणत होती. शेवटचा ठेवल्यावर तिनं फोन पालथा घातला. माझ्या ध्यानात आलं, की डेक आरशासारखा चमकत असता तरी हेच झालं असतं. आणि ते ध्यानात येऊन मला जरासुद्धा हलकं वाटलं नाही.

गल्ली रिकामी. रामकिशनराव शेतात, अप्पा शेतात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बांधावरून जाणाऱ्याला बोलवायचं तर बांध हवा आणि जाणाराही हवा. दगडोबा खोपेजवळ बसले होते, त्यांना जेवून घ्या म्हणायचा मला धीर होईना. शिवगंगा म्हणाली, “चुकलंच माझं. शेत नसताना कशाला हौस करावी.” हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पुन्हा ऐकू इच्छित नाही.

तेवढ्यात दोन मुली फाटकाशी थांबल्या. पाठीवर सॅक, हातात पाण्याच्या बाटल्या. आमच्या मागच्या रस्त्याला क्लासवाल्या मुलींची होस्टेलं आहेत, डॉक्टर व्हायला लांबलांबून येतात बिचाऱ्या. एकीनं मला विचारलं, “काका, इकडं कुठली मेस चालू हाय का? सकाळपासून फिरून राहिलो, सगळीकडं कुलूप हाय.”

मी तिला सविस्तर माहिती देऊ लागलो, की आज वेळ अमावस्या असल्याकारणानं मेसचे मालक, आचारी व वाढपी हे सर्व आपापल्या गावी... माझं वाक्य पुरं झालं नाही. मागून शिवगंगाची हाक आली. तेहतीस वर्षं शाळेच्या मैदानावर वापरलेला आवाज, पण त्यात असा सूर मी कधी ऐकला नव्हता.

“या ग पोरींनो. या, जेवायला या.”

मुली बिचकल्या. मग चपला काढून, दगडोबांनी दाखवलेल्या स्वच्छ बाजूनं वर आल्या. शिवगंगानं विचारलं, होस्टेलात अजून कोण कोण उपाशी आहे. मुलींनी एकमेकींकडं पाहिलं आणि फोन काढले. दहा मिनिटांत सहा आल्या, अर्ध्या तासात एकवीस. कोणी बिलोलीची, कोणी लोह्याची, कोणी हिंगोलीची. दोघी-तिघी कडब्याच्या बाजूला बसल्या आणि उठताना ओढण्या तिथंच राहिल्या, त्यावर सगळ्या खिदळल्या. मी आंबील वाढत होतो. दगडोबा, मधे बसून, चौथा उंडा घेत होते.

आणि अर्थातच पांढरी जीप आली. पथकप्रमुख या वेळी बूट खाली काढूनच पुढं झाले. खुलासा मिळाला, पण प्रत्यक्षात शिक्षिका कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी रीतसर एकेका मुलीला तिचं नाव मतदार यादीत कुठं आहे असं विचारून घेतलं. तेरा जणींना अठरा पुरी नव्हती, बाकीच्यांची नावं गावाकडं. इथल्या एकाही मतदाराला लाभ होत नसल्याची खात्री झाल्यावर साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेही सकाळपासून बंद हॉटेलंच बघत फिरत होते. शिवगंगानं त्यांना काही न विचारता पान वाढलं, पोलिसाला आणि कॅमेरावाल्यालाही. कॅमेरा त्यानं बंद करून बाजूला ठेवला.

सगळ्यात पहिली आलेली ती मुलगी, मेस विचारणारी, सगळ्यांत हळू जेवत होती. तिचं नाव लुंबिनी, किनवटच्या पुढच्या एका जंगलातल्या गावची. आईबाप मजुरीला जातात, आश्रमशाळेतून नंबर काढून ती लातूरला आलेली. तिच्याकडं येळवस नसते. भज्जी तिनं आज पहिल्यांदा खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागायला लाजत होती. शिवगंगा तिच्यापुढं परात घेऊन बसली होती.

लुंबिनीनं फळ्यांवरून हात फिरवला, खोपेकडं पाहिलं, मग विचारलं, “बाई, आमच्या रूमवरच्या पोरी म्हणत होत्या, आज जो तो आपापल्या शेतात जेवतो म्हणून. मग हे तुमचं शेत हाय का?”

शिवगंगानं एकदा डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, जेवणाऱ्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

“हाव,” ती म्हणाली. “माझंच हाय. घे, अजून एक उंडा घे.”